रडणं दिसतं, ऐकू येत नाही

(चित्रपट रसास्वादाच्या व्याख्यानमालेतल्या तिसऱ्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मागच्या दोन्ही वेळी आपण डोळ्यांचीच चैन केली. कॅमेरा, प्रकाश, चौकट वगैरे. आज कानांकडे वळू. मला विषय दिला आहे ‘चित्रपटातील ध्वनीचे प्रकार’. विषय रीतसर आहे, मी जरा बेरीतसर बोलणार आहे. संवाद, पार्श्वध्वनी, पावलांचे आवाज, संगीत, शांतता असे एकेक प्रकार घेत बसलो तर रात्रीचे नऊ वाजतील आणि तुमच्या हाती फक्त यादी लागेल. ज्यांना परीक्षेसाठी यादी हवी आहे त्यांनी ती पुस्तकातून घ्यावी, चांगली पुस्तकं आहेत. मी आज एकच आवाज घेणार आहे. रडण्याचा. पडद्यावरचं माणूस रडतं तेव्हा सिनेमा त्या आवाजाचं काय करतो, एवढंच बघू. बाकीचे प्रकार आपोआप वाटेत भेटतील.

सुरुवात एका थिएटरपासून करतो. तालुक्याच्या गावातलं, एकपडदा, पंखेवालं. तुमच्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पिकले आहेत त्यांना माहीत असेल, अशा थिएटरात आवाज गेला की एक ठरलेला विधी असायचा. पडद्यावर ओठ हलतायत आणि ऐकू काही येत नाही, असं झालं की तिसऱ्या सेकंदाला मागून कोणीतरी ओरडणार, “ए, आवाज!” मग सगळं थिएटर. “आवाज! आवाज!” शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा, मशीनवाल्याच्या आईबापांचा उद्धार. (हशा) तो बिचारा वर डबा खात बसलेला असायचा.

मे २०१६. अशाच एका थिएटरात मी ‘सैराट’ पाहिला. ‘झिंगाट’ला पोरं पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन नाचत होती, कोणी चिल्लर उधळली. पिक्चर जवळजवळ तीन तासांचा. शेवट तुम्हाला माहीत आहे. हैदराबादला आर्ची आणि परशाच्या घरी माहेरची माणसं येतात, ती चहा करते. नंतर शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं त्यांचं लहान मूल परत येतं आणि उघड्या दारातून आत जातं. आईबाप रक्तात पडलेले. मूल रडायला लागतं. त्याचं तोंड उघडं दिसतं आणि आवाज नाही. मला तरी काहीच ऐकू आलं नाही. ना रडणं, ना रस्ता, ना व्हायोलिन.

आता मी, खरं सांगतो, त्या क्षणी वाट बघत होतो. जुनी सवय. म्हटलं, आता मागून कोणीतरी ओरडणार, “ए, आवाज!” कोणी ओरडलं नाही. तासाभरापूर्वी ज्यांचा घसा बसेपर्यंत आरडाओरडा चालला होता, ते चारशेभर लोक गप्प. पंख्यांची घरघर ऐकू येत होती. कुठली तरी खुर्ची करकरली. आणि दारवानानं, नेहमीच्या सवयीनं, पिक्चर संपायच्या मिनिटभर आधी बाहेरच्या दाराची साखळी काढली. ती साखळी अख्ख्या थिएटरनं ऐकली. मूल रक्ताच्या पावलांनी बाहेर चाललंय आणि आमच्या डाव्या हाताला एस.टी. स्टँडचा गोंगाट आत येतोय.

माझा आजचा प्रश्न हा आहे. त्या लोकांना कळलं कसं? आवाज गेलेला नाही, काढून घेतलाय, हे एकाही पाटीशिवाय चारशे माणसांना एकदम कसं समजलं? ‘शांततेची ताकद’ असं म्हणून याचं उत्तर देतात. ते उत्तर मला पुरत नाही. शांतता तर मशीन बिघडल्यावरही असते.

थोडं मागे जाऊ. आपल्याकडे कितीतरी दशकं पडद्यावरचं रडणं हे त्या जागी मुद्रित झालेलं नसायचंच. कारण अगदी साधं. हाताळायला सोपे असलेले ॲरिफ्लेक्ससारखे कॅमेरे चालताना खडखडायचे. शिवाय सेटवर हातोड्या, आसपास बघ्यांची गर्दी, वरून विमान. त्यामुळे शूटिंगच्या वेळचा आवाज फक्त संदर्भापुरता ठेवायचा आणि संवाद नंतर डब करायचे. म्हणजे जी बाई शेतात नवऱ्याच्या प्रेतापाशी रडली, ती दोन-चार महिन्यांनी एका बंद खोलीत माइकपुढे उभी राहून, पडद्यावरच्या स्वतःच्याच ओठांकडे बघत पुन्हा रडणार. “मॅडम, हुंदका जरा उशिरा आला, परत घेऊ.” पावलं, बांगड्या, पदराची सळसळ हे वेगळ्या खोलीत वेगळी माणसं करणार. त्याला फोली म्हणतात. ती एक स्वतंत्र कारागिरी आहे, तिच्यावर एक अख्खं व्याख्यान व्हायला हवं. तर अशा बंद खोलीतल्या रडण्याला जागा नसते. त्यात शेत नाही, वारा नाही, भिंत नाही. ते कोरडं लागतं. मग त्याच्याखाली व्हायोलिनची गादी अंथरायची. आपल्या सिनेमातल्या ढसाढसा पार्श्वसंगीताचं निम्मं कारण लोकांच्या आवडीत नसून या कोरड्या खोलीत आहे, असं माझं मत आहे. ‘लगान’नं २००१ साली शूटिंगच्या जागीच संवाद मुद्रित केले तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली ती म्हणूनच.

या सगळ्या भानगडीत मला एकच विभागणी खरोखर उपयोगी पडते. पडद्यावर एखादा आवाज आला की विचारायचं, हा तिथल्या माणसांना ऐकू येतोय का? दाराची कडी वाजली, तर ती घरातल्या बाईलाही ऐकू येते आणि आपल्यालाही. व्हायोलिन वाजलं, तर ते तिला ऐकू येत नाही, फक्त आपल्याला. ती एकटी आहे, आपण मात्र वाद्यवृंदासह बसलोय. गंमत आहे की नाही? आता हा प्रश्न रडण्याला लावून बघा.

‘पथेर पांचाली’, १९५५. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक दाखवतो. दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्बजयाच्या हातात देतो. ती ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. चेहरा पूर्ण पिळवटलेला. करुणा बॅनर्जींचा तो चेहरा एकदा पाहिला की विसरता येत नाही. आणि त्या चेहऱ्यातून रडण्याचा आवाज येत नाही, तारशहनाई येते. तारशहनाई म्हणजे फुंकायचं वाद्य नव्हे बरं का. एसराजसारखं गजानं वाजवायचं वाद्य, त्याला कर्णा जोडलेला. संगीत रविशंकरांचं, वाजवणारे दक्षिणामोहन ठाकूर, राग पटदीप, वरच्या सप्तकातला.

लोक म्हणतात, सत्यजित राय यांनी रडण्याऐवजी संगीत वापरलं. बरोबर आहे, पण मघाची व्हायोलिनची गादी आणि ही तारशहनाई यांत फरक काय? गादी रडण्याच्या खाली असते. इथे खाली काहीच नाही, बाईचा आवाज काढूनच टाकलाय. वाद्य तिच्या तोंडाच्या जागी बसवलंय. वाद्य निवडलंय तेही असं, की त्याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या अगदी जवळ जातो आणि तरी माणसाचा नाही. तिथे तिचं खरं रडणं ठेवलं असतं तर आपण एका बाईचं रडणं ऐकलं असतं. आपण शेजारी असल्यासारखे झालो असतो, “अरे अरे, पाणी द्या तिला.” वाद्यामुळे शेजारपण गेलं. हरिहरला तिचं रडणं ऐकू येतंय, आपल्याला नाही. आपल्याला जे ऐकू येतं ते त्या घरात कोणालाच ऐकू येत नाहीये.

मला हा प्रसंग अतिशय आवडतो, आणि तरीही दर वेळी एक लहानशी खुट्ट वाटते. वाद्य फार सुंदर आहे. दुःख इतकं सुरेल व्हावं का? रायप्रेमींनी मला क्षमा करावी. ही खुट्ट मला बोचते, कारण त्याच बंगालमध्ये पाच वर्षांनी दुसऱ्या एका माणसानं अगदी उलटं केलं.

ऋत्विक घटक. ‘मेघे ढाका तारा’, १९६०. फाळणीत निर्वासित झालेलं कुटुंब, कलकत्त्याबाहेरची वस्ती. थोरली मुलगी नीता कमावते आणि घर तिच्या जिवावर उभं राहतं, म्हणजे शब्दशः तिचा जीव खाऊन उभं राहतं. नीता चित्रपटभर रडायला मोकळी नाही. तिला वेळच नाही. मग घटक काय करतात? तिचा प्रियकर सनत दुसऱ्या कोणाबरोबर आहे हे तिला त्याच्या खोलीवर कळतं. ती दुसरी म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. नीता बोलत नाही, जिना उतरायला लागते आणि चाबकाचा आवाज येतो. सटाक. पुन्हा सटाक. त्या घरात चाबूक नाही, गाडी नाही, घोडा नाही. तिचा हात गळ्याशी जातो.

पहिल्यांदा बघताना काही लोक इथे चक्क हसतात. मी विद्यार्थ्यांना दाखवताना हे अनेकदा पाहिलंय, आणि मला त्यांचा राग येत नाही. तो आवाज उघडउघड खोटा आहे. पौराणिक नाटकातून उचलून आणल्यासारखा. घटकांना तो बेमालूम करायचाच नव्हता. पुढे भाऊ शंकर आणि नीता मिळून रवींद्रनाथांचं गाणं गातात. आता वाटतं, चला, संगीत आलं, थोडा विसावा मिळेल. गाणं टिपेला जातं आणि त्यातच तो चाबूक परत येतो. नीता तिथे कोसळते. रायांच्या चित्रपटात संगीतानं रडण्याची जागा घेतली होती. इथे संगीत चालू असताना त्याच्या पाठीवर वळ उठतात.

आणखी एक प्रसंग. नीता आणि सनत बोलतायत, आई चुलीपाशी आहे. तिचे कान तिकडे लागलेत. पोरीनं लग्न केलं तर घरात पैसा आणणार कोण? आईचा चेहरा, आणि चुलीवर शिजणाऱ्या अन्नाचा आवाज वाढत जातो, वाढत जातो, इतका की तो स्वयंपाकाचा उरत नाही. हा आवाज खरा आहे. चूल तिथे आहे, भांडं आहे. फक्त तो किती मोठा ऐकू यावा हे आईच्या भीतीनं ठरवलंय. म्हणजे एका टोकाला कुठूनच न येणारा चाबूक आणि दुसऱ्या टोकाला घरातलंच, पण वेड लागल्यासारखं उकळणारं अन्न. या दोन टोकांच्या मध्ये ती मुलगी गप्प उभी.

आणि मग अगदी शेवटी, शिलाँगच्या क्षयरोग्यांच्या रुग्णालयात, भाऊ भेटायला येतो, घरच्या गमतीजमती सांगतो, आणि नीता फुटते. मला जगायचं होतं, असं ती ओरडते. इतका वेळ साठवलेला आवाज. कॅमेरा तिला सोडून डोंगरांवरून फिरत राहतो आणि तिचा आवाज डोंगरांत घुमत राहतो. शरीर दिसत नाही, आवाज उरलाय. मिशेल शिओं नावाचे फ्रेंच अभ्यासक आहेत, सिनेमातल्या आवाजावर त्यांनी खूप बारीक काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की काही चित्रपटांची सगळी यंत्रणाच एका बाईच्या किंकाळीपर्यंत पोचण्यासाठी उभी केलेली असते. ते जास्त करून थरारपटांबद्दल बोलतायत. पण मला ते वाचताना नीता आठवली. फरक एवढाच, की थरारपटात ती किंकाळी म्हणजे बाईच्या मरणाची पावती असते. इथे जगण्याची मागणी आहे, आणि ती वेळ निघून गेल्यावर केलेली आहे.

हॉलिवूडचं एक उदाहरण भरभर सांगून पुढे जातो. ‘गॉडफादर’चा तिसरा भाग, १९९०. ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवर मायकेलची मुलगी गोळी लागून मरते. अल पचिनो तोंड उघडून किंचाळतो, पण ऐकू येतं ते मास्कान्यीच्या ऑपेरातलं संगीत. किंकाळी मुकी. बराच वेळ मुकी. आणि मग तिचा आवाज फुटतो. ध्वनीचं काम वॉल्टर मर्च यांचं. हातखंडा काम आहे यात वाद नाही. पण लक्षात घ्या, शेवटी आवाज दिला जातो. आपली उधारी चुकती होते आणि आपण मोकळ्या मनानं घरी जातो.

हे सगळं बाहेरून शिकायचं, असं वाटू नये म्हणून एक घरची आठवण करून देतो. ‘कुंकू’, १९३७. प्रभातचा, शांतारामबापूंचा. बोलपट येऊन सहाच वर्षं झालेली. ‘आलम आरा’ १९३१चा. त्या काळी संगीत नाही म्हणजे पिक्चरच नाही, अशी परिस्थिती. आणि विषय काय, तर एका तरुण मुलीचं म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेलं लग्न. रडारडीला मोकळं रानच. असल्या विषयात बापूंनी पार्श्वसंगीत टाकलंच नाही. आवाज फक्त त्या घरातले. भिंतीवरचं घड्याळ, दारं, पावलं, भांडी. नीरा रडूबाई नाहीच मुळी, ती नकार देते. तिच्या नकाराखाली व्हायोलिन घातलं असतं तर तो नकार बिचारा झाला असता. काकासाहेबांच्या घड्याळाखाली तो नकारच राहतो. हे काम पुण्यात झालंय, आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्याच आवारात. तिथल्या पोरांनी जगभरचं बघावं, जरूर बघावं. अधूनमधून आपल्याच आवारात काय झालं तेही बघावं. (हशा)

बरं. आता परत नागराज मंजुळेंकडे.

‘सैराट’च्या शेवटाबद्दल बोलण्याआधी ‘फँड्री’तली एक गोष्ट आठवा. जब्याचं घर डुक्कर पकडतंय. गावातली पोरं बघायला जमलीत, क्रिकेटची मॅच चालल्यासारखी शेरेबाजी चाललीय. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब आहे तिथे ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. हा आवाज तिथल्या प्रत्येकाला ऐकू येतोय, त्यात काही खोटं नाही, काही वाढवलेलं नाही. रोजचाच शाळेचा आवाज. पण त्या आवाजाचा हुकूम कोणाच्या अंगावर किती किमतीला पडतो, हे दिसतं. मंजुळे कानानं विचार करणारा दिग्दर्शक आहे हे मला त्या प्रसंगात पहिल्यांदा कळलं.

‘सैराट’मध्ये आवाज कोणाचा आहे? लोक पटकन म्हणतील अजय-अतुलचा. त्यासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण झालं, याची बातमी तेव्हा सगळीकडे होती. करमाळ्याच्या विहिरीत उड्या मारणाऱ्या पोराच्या मागे एवढा मोठा सिंफनी वाद्यवृंद. काही समीक्षकांना ते विसंगत वाटलं. मला ते अचूक वाटतं. परशाला प्रेम झालंय आणि प्रेम काय असतं हे त्याला सिनेमानं शिकवलंय. त्याच्या डोक्यात ते एवढ्याच मोठ्यानं वाजणार. मघाचा प्रश्न विचारा, हे संगीत त्याला ऐकू येतंय का? मी म्हणेन, येतंय. तो ऐकतच धावतोय.

पण माझ्या लेखी त्या चित्रपटातला मुख्य आवाज आर्चीचा आहे. तिचं गाणं नव्हे, बोलणं. घशातून येणारा, किंचित खरखरीत, सोलापूर भागाचा हेल असलेला, समोरच्याला आधीच अर्धा गार करणारा आवाज. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते हे सगळ्यांनी लिहिलं. ती आवाजानं गाव चालवते हे कमी जणांनी लिहिलं. वर्गात, विहिरीवर, घरात तिनं एकदा आवाज चढवला की माणसं हलतात. त्या आवाजामागे पाटलाचा वाडा आहे. रागावू नका, पण त्या आवाजात जातही आहे. आपण टाळ्या वाजवल्या तेव्हा आपण त्या सत्तेलाही टाळ्या वाजवत होतो. म्हणून तर तो आवाज इतका मोकळा, इतका गोड वाटतो.

आणि मग हैदराबाद. गाणी सगळी गावात संपतात. इथे लोक तेलुगू बोलतायत आणि आर्चीला कळत नाही. कळत नाही म्हणजे फक्त अर्थ कळत नाही असं नव्हे. तिच्या आवाजानं इथे कोणी हलत नाही. तोच गळा, तोच हेल, पण मागचा वाडा नाही. वस्तीतली खोली, बाहेरची गटार, पत्रे, वाहनं, यांच्या आवाजात तिचा आवाज एका सामान्य बाईच्या आवाजाएवढा होतो. दुसरा भाग रटाळ आहे, लांबलाय, असं त्या वेळी पुष्कळांनी म्हटलं. इंटरव्हलनंतर माझ्या शेजारचा एक पोरगा दर दहा मिनिटांनी विचारत होता, “गाणं कधी आहे?” त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचा कान वाट बघत होता. दीड तास एवढं सगळं ऐकवून चित्रपटानं आता हात आखडता घेतलेला. आवाज एकेक करून काढून घेणं तिथेच सुरू झालंय. आधी वाद्यवृंद, मग गाणी, मग आर्चीची जरब, मग भाषा. पुढे ती दोघं सावरतात, संसार लागतो, मूल होतं, घरात बेताचे, साधे आवाज येतात. माहेरची माणसं येतात, चहा होतो. आणि खून? खून आपल्याला दिसत नाहीत, आणि महत्त्वाचं म्हणजे ऐकूही येत नाहीत. आर्चीची किंकाळी नाही. जिच्या आवाजावर अख्खा चित्रपट उभा, तिचा शेवटचा आवाज आपल्याला मिळत नाही.

म्हणून ते चारशे लोक ओरडले नाहीत, असं मला वाटतं. मशीन बिघडलं तर आवाज तुटतो. इथे तो दीड तास उतरत उतरत शून्यावर आला होता, कानांना उताराची सवय झाली होती. राहता राहिला एक आवाज, मुलाच्या रडण्याचा, तोही नाही दिला. इथे तारशहनाई नाही, चाबूक नाही, डोंगर नाहीत, मर्च यांच्यासारखी परतफेडही नाही. रडण्याच्या जागी काहीच ठेवलेलं नाही. जागा मोकळी. आणि थिएटरात मोकळी जागा मोकळी राहत नाही. तिथे पंखा येतो, साखळी येते, एस.टी. स्टँड येतं. म्हणजे आमचंच गाव येतं. त्या मुलाचं रडणं कोणाला ऐकू येतंय? शेजारच्या खोलीत येत असेल. आम्हाला नाही. तो शेवट बघताना माझ्या मनात आलं होतं, आणि ते फार सुखाचं नव्हतं, की असलं रडणं आम्हाला एरवी तरी कुठे ऐकू येतं? पेपरात चार ओळींची बातमी येते तेव्हा तिला आवाज नसतोच.

आता याची दुसरी बाजू. या शेवटानं एक रोगही पसरवला. नंतरची दोन-तीन वर्षं मी लघुपट स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचो. एकापाठोपाठ एक लघुपट. अत्याचार, आत्महत्या, भ्रूणहत्या, काहीही असो, ऐन वेळी आवाज बंद. काळा पडदा. श्रद्धांजलीची दोन मिनिटं पाळल्यासारखं. तिसऱ्या लघुपटानंतर मी शेजारच्या परीक्षकांना म्हटलं, “आता ओरडू का, ए आवाज?” (हशा) त्या पोरांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यांच्या लघुपटात आधी ऐकण्यासारखंच काही नव्हतं, मग काढून काय घेणार? दहा मिनिटं रेडीमेड पियानो वाजवायचा आणि अकराव्या मिनिटाला बंद करायचा, तर प्रेक्षकाला हायसं वाटतं.

टीव्हीवरही तो शेवट टिकत नाही. आमच्या घरी लागला होता तेव्हा मावशींनी रिमोट उचलला. “आवाज गेला वाटतं,” म्हणाल्या आणि वाढवत नेला, वाढवत नेला. मग जाहिरात लागली, ती पूर्ण आवाजात. घरातली मांजर पळाली. यात मावशींचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घरात आपण ऐकायला बसलेलो नसतो, टीव्ही चालू असतो इतकंच.

शेवटचं उदाहरण रडण्याचं नाही. खरं तर न रडण्याचं आहे. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’, २०१४. एका लोकशाहिरावर खटला आहे. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली. शाहीर झालेले वीरा साथीदार, गाणी संभाजी भगत यांची. ती गाणी सोडली तर पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. कॅमेरा लांब, स्थिर. कोर्टातले आवाज सगळे सारख्याच उंचीचे. पंखा, कागद, मागे कुजबुजणारी माणसं, टंकलेखन. सरकारी वकीलबाई, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, कायद्याची इंग्रजी कलमं अशा वाचतात की जणू किराण्याची यादी. आणि न्यायाधीश प्रत्येकाचं बोलणं ऐकून टंकलेखकाला इंग्रजीत सांगत जातात. कोणी काहीही, कसंही बोललं तरी नोंद होते ती न्यायाधीशांच्या आवाजात.

त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. कुठल्याही दुसऱ्या चित्रपटात हा रडण्याचा प्रसंग आहे. ती रडत नाही. सपाट आवाजात सांगते. तो गटारात आधी खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. एक डोळा गेला होता. आवाज कुठेही कापत नाही. आपण सगळे वाट बघतो की आता तिचा गळा भरून येईल, आता येईल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला रुमाल तयार होता, म्हणजे माझी बाजू तयार होती. तिनं काही दिलं नाही. ती बोलते, पंखा फिरतो, टंकलेखन होतं, पुढचा प्रश्न येतो. मघाशी मी विचारलं, हा आवाज तिथल्या माणसांना ऐकू येतोय का? इथे सगळ्यांना ऐकू येतोय, कामकाजात रीतसर नोंदही होतेय.

बोलणं पुरे. आपल्याकडे वीसेक मिनिटं आहेत. हीच साक्ष आपण आता दोनदा लावणार आहोत. पहिल्यांदा पडदा झाकून, नुसता आवाज. तेव्हा एक करा, तिच्या बोलण्याशिवाय आणखी काय काय ऐकू येतं ते वहीत लिहीत जा, अगदी खोकल्यासकट. मग चित्रासह. मागच्या रांगेतल्यांनी कृपा करून तो पंखा बंद करा. नाही, राहू द्या, उकडेल. फक्त दाराजवळच्या कोणीतरी दार लोटून घ्या. आणि आवाज कमी वाटला तर ओरडायला हरकत नाही.